ड्रेजरच्या शेजारून जाण्याआधी: दिवे, गोळे आणि भोंगे

चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेत, ड्रेजर गाळ उपसत असेल, तर त्याची कुठली बाजू मोकळी आहे हे त्याच्यापाशी पोचण्याच्या बरंच आधी ठरलेलं असलं पाहिजे. जवळ गेल्यावर विचार बदलायला तिथे जागा उरत नाही. म्हणून तयारी निघण्याआधीच सुरू करा. बंदराने नाविकांसाठी काढलेल्या ताज्या सूचना वाचा आणि ड्रेजरच्या कामाचा पट्टा, तरंगत्या पाइपलाइनची रेघ, नांगरांचे बोये आणि व्हीएचएफ रेडिओचा कामाचा चॅनल चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, पेन्सिलीने मांडा. पेन्सिलीनेच, कारण ड्रेजर उद्या तिथे असेलच असं नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह त्या वेळी तुमच्या मागून असेल की पुढून, तेही पाहून ठेवा. मागून असेल तर वेग कमी करणं आणि थांबणं दोन्ही अवघड जातं.

ड्रेजर कुठल्या जातीचा आहे तेही विचारा, कारण अडथळा त्यावरच ठरतो. ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर चालता चालता गाळ ओढतो आणि पट्ट्याच्या टोकाला पोचला की वळतो. कटर सक्शन ड्रेजर मागच्या बाजूला स्पड म्हणजे उभा खांब तळात रोवून त्याच्याभोवती डावी-उजवीकडे झुलतो. दोन्ही बाजूंना नांगरांच्या ताणलेल्या वायर आणि मागे पाइपलाइन. दुसऱ्याच्या बाबतीत पाण्यावर दिसतं त्यापेक्षा पाण्याखाली जास्त पसरलेलं असतं.

आता खुणा. टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम, बोलीभाषेत कोलरेग, 15 जुलै 1977 पासून लागू आहेत आणि ड्रेजरच्या दिव्यांच्या आणि आकारांच्या खुणा नियम 27 मध्ये आहेत. दिवसा एकाखाली एक तीन काळे आकार: गोळा, डायमंड, गोळा. डायमंड म्हणजे दोन शंकू तळाला तळ लावून जोडलेले. रात्री त्याच क्रमाने लाल, पांढरा, लाल असे चहूकडून दिसणारे दिवे. अर्थ एवढाच की कामामुळे हे जहाज हवं तसं वळू शकत नाही, तेव्हा वाट तुम्ही द्यायची. अडथळा असेल तर आणखी दोन जोड्या येतात: अडथळ्याच्या बाजूला दोन गोळे किंवा दोन लाल दिवे, आणि मोकळ्या बाजूला दोन डायमंड किंवा दोन हिरवे दिवे. ड्रेजर नांगरावर असला तरी अशा वेळी नांगराच्या नेहमीच्या खुणांऐवजी हेच लावतो.

माणसं चुकतात ती इथे. दोन गोळे किंवा दोन लाल दिवे एकटे दिसले, तर ते ताबा सुटलेल्या जहाजाची खूण. ड्रेजरचे दोन गोळे नेहमी त्या तिघांच्या सोबत असतात. दुसरी गोष्ट, हिरवी जोडी ड्रेजरच्या डाव्या अंगालाही असू शकते. चालत्या ड्रेजरवर मग डाव्या अंगाच्या लाल साइडलाइटच्या (बाजूचा दिवा, एरवी डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा) शेजारी दोन हिरवे दिसतात आणि नवख्या डोळ्याला ते जहाज उलटं येतंय असं वाटतं. तिसरी गोष्ट अंतराची. जोड्या मधल्या तिघांपासून आडव्या जास्तीत जास्त लांब आणि किमान 2 मीटरवर असाव्यात, असा नियम आहे. पण ड्रेजर तुम्हाला आडवा दिसत असेल तर लाल-हिरवं सगळं एकाच रेषेत येतं आणि कुठली बाजू कुठली ते कळेनासं होतं. कटर झुलत असताना तर हे सारखं बदलतं. लुकआउटला, म्हणजे टेहळणीवरच्या माणसाला, आधीच सांगून ठेवा: नुसतं ‘ड्रेजर दिसला’ म्हणू नकोस, तिघे कुठे, हिरवे त्यांच्या कुठल्या हाताला, ते सांग. दुर्बिणीच्या काचा पुसलेल्या हव्यात.

दिव्यांवरून काढलेला अंदाज व्हीएचएफवर पक्का करा. हाक अशी असू द्या: ‘आत येतोय, ड्राफ्ट 6.2 मीटर, तुमच्या हिरव्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून जाणार. वायर सैल कराल का?’ (ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते.) नुसतं डावं-उजवं बोलू नये. तुमचं डावं त्यांचं उजवं असतं. दिशा सांगा, उत्तर आलं की ते शब्दशः परत म्हणा. वायर तळाशी टेकेपर्यंत सैल व्हायला वेळ लागतो, म्हणून हाक लवकर द्या आणि ‘सैल झाल्या’ ऐकेपर्यंत पुढे घुसू नका. वायर पंख्यात अडकली तर तुमचंही काम थांबतं आणि त्यांचंही. एआयएसवर, म्हणजे जहाजांची ओळख आपोआप दाखवणाऱ्या यंत्रणेवर, ‘हालचाल मर्यादित’ अशी स्थिती दिसते, पण ती हाताने भरलेली असते, त्यामुळे फार विश्वास नको. गाळ टाकायला निघालेला ड्रेजर कधी कधी खुणा उतरवायला विसरलेलाही दिसतो. तो त्या वेळी साधं यांत्रिक जहाज असतो.

पुढे चालणाऱ्या हॉपर ड्रेजरला अरुंद चॅनलमध्ये ओलांडायचं असेल आणि त्यालाही बाजू द्यावी लागणार असेल, तर भोंगा तपासून ठेवा. दोन लांब एक आखूड म्हणजे तुमच्या उजव्या बाजूने येतो, दोन लांब दोन आखूड म्हणजे डाव्या. संमती असेल तर उत्तर येतं लांब, आखूड, लांब, आखूड. पाच किंवा जास्त आखूड भोंगे झटपट आले, तर त्यांना तुमचा बेत पटलेला किंवा कळलेला नाही, मागेच राहा.

धुक्यात ड्रेजर एक लांब, दोन आखूड असा भोंगा देतो, दोन मिनिटांपेक्षा जास्त खंड न पाडता, नांगरावर काम करत असला तरी. पण शिडाची, मासेमारीची आणि ओढ देणारी जहाजंही हेच वाजवतात, आणि बाजू तर त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून धुक्यात रडार आणि व्हीएचएफ सोडून फक्त आवाजावर ड्रेजरच्या शेजारून जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. थांबायला जागा असेल तर थांबा.

आर आणि वाय हे सांकेतिक झेंडे एकत्र दिसले तर हळू जा असं सांगणं आहे. नुसता ए दिसला तर पाणबुड्या खाली आहे. हळू आणि लांबून. तसेही हळूच जायचं, कारण लाटांनी पाइपलाइनचे तराफे उसळतात, स्पडवर ताण येतो, आणि वेग अर्ध्यावर आणला की तुमचा स्क्वॉटही, म्हणजे वेगामुळे उथळ पाण्यात जहाजाचं खाली बसणं, साधारण चौथाईवर येतं. इंजिन स्टँडबायला, नांगर सोडायला माणूस पुढे, सुकाणू हाताने चालवायला माणूस. तरंगती पाइपलाइन कुठेही ओलांडू नका. ती बुडवून वाट ठेवली असेल तर कुठे, हे ड्रेजरलाच विचारा. पाइपलाइनचा शेवटचा तराफा आणि मागच्या नांगराचा बोया दोन्ही तुमच्या मागे पडले, की ड्रेजरला ‘मोकळा झालो’ कळवा आणि मगच वेग वाढवा.