ट्रॉलीचा सडलेला तळ भंगारातून नवा करताना

पॉवर टिलरच्या (हाताने चालवायच्या छोट्या नांगरणी यंत्राच्या) ट्रॉलीचा पत्रा गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तळापासून सडतो, आणि सांगाडा धड असूनही ती भंगारात जाते.

१. हातोडीने सांगाडा ठोकून पाहावा. आवाज बद्द आला किंवा खपल्या पडल्या, तर तेवढाच भाग कापून वेल्डरकडून भंगारातील अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) जोडून घ्यावा.

२. तारेच्या ब्रशने गंज काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक तांबडा रंग) लावावा, कारण एक रात्र उघडे राहिलेले लोखंड सकाळी पुन्हा तांबूस दिसते.

३. पत्र्याऐवजी लाकडी तळाच्या फळ्या चिरायला पाडलेल्या कौलारू घराचे वासे उत्तम. त्यांतील सगळे खिळे आधी उपटावेत, अन्यथा करवतीचे पाते पहिल्याच फळीला जाते. स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, तर ते लाकूड चुलीसाठी ठेवावे. फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट सोडून त्या बोल्टने आवळाव्यात.

४. डिचोली, सांगे या खाणपट्ट्यांत कन्व्हेयरचा (खनिज वाहून नेणाऱ्या यंत्राचा) जुना रबरी पट्टा भंगारवाल्याकडे मिळाला, तर त्याचे तुकडे मागच्या फळीला बिजागरी म्हणून आणि चाकांमागे चिखल अडवायला लावावेत. हा पट्टा पूर्ण तळावर अंथरण्याचा मोह मात्र टाळावा. त्याखाली पाणी साचून लाकूड कुजते.

चाकांचे बेअरिंग आणि जोडणीची पिन भंगारातून घेऊ नये. चढावर भरलेली ट्रॉली सुटली, तर वाचलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.