मोडेमचा वेग ऑप्टिकल नेटवर्कच्या मापात बसवताना या चुका टाळा

जुन्या मोडेम लाइन फायबरवर हलवायच्या म्हटलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतं. १५५.५२ एमबीपीएस (सेकंदाला दशलक्ष बिट) भागिले ५६ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट), उत्तर २,७७७. लगेच टिपणात लिहिलं जातं की एका एसटीएम-१ वर, म्हणजे १५५.५२ एमबीपीएसच्या फायबर लिंकवर, एवढे मोडेम बसतील. भागाकार बरोबर आहे, म्हणून आकडा कुणाला खटकत नाही. पण तो साफ चुकीचा आहे.

डायल-अप मोडेमचा सिग्नल एक्स्चेंजमध्ये शिरला की त्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो. म्हणजे ६४ केबीपीएसचा एक पूर्ण टाइमस्लॉट, एका कॉलची राखीव जागा. मोडेम ३०० बीपीएसचा असो, ३३.६ केबीपीएसचा असो की ५६ चा, एक्स्चेंजच्या लेखी तो एक कॉल. सीटवर लहान मूल बसो की पैलवान, सीट एकच अडते. अनेक कॉल एकत्र नेणाऱ्या ई-१ लाइनमध्ये ३२ टाइमस्लॉट असतात. त्यातला एक सिंक्रोनायझेशनला जातो, एक कॉल जोडण्या-तोडण्याच्या सिग्नलिंगला, कॉलसाठी उरतात ३०. एसटीएम-१ मध्ये ई-१ बसतात ६३. म्हणजे कॉल १,८९०. जिथे ई-१ ऐवजी टी-१ ही तशीच पण लहान लाइन वापरतात तिथे ओसी-३ वर (एसटीएम-१ च्याच वेगाची लिंक) ८४ टी-१, प्रत्येकी २४ चॅनेल, म्हणजे जास्तीत जास्त २,०१६. कुठल्याही वाटेने गेलात तरी २,७७७ येत नाही.

एका स्थलांतराच्या कामात याच भागाकाराच्या भरवशावर एकच एसटीएम-१ घेतलेला मी पाहिला आहे. एका वेळी दोन हजारांवर कॉल उचलायचे होते. कटओव्हरच्या, म्हणजे लाइन नव्या यंत्रणेवर वळवण्याच्या, रात्री सुरुवातीचे ई-१ भराभर वर आले. ६३ वा लागला आणि त्यानंतर मॅनेजमेंट सिस्टिम एकही क्रॉस-कनेक्ट (नवी अंतर्गत जोडणी) घेईना. सगळ्यांचा संशय हार्डवेअरवर. कार्ड बदललं, कनेक्टर पुसले, ऑप्टिकल पॉवर मोजली, सिस्टिम पुन्हा चालू केली. सगळं ठणठणीत, कारण बिघाड नव्हताच, जागा संपली होती. पहाटेकडे नियोजनाची शीट मागवली तेव्हा ती भागाकाराची ओळ सापडली. उरलेल्या लाइन जुन्या यंत्रणेवर परत टाकाव्या लागल्या आणि दुसरी क्षमता मिळेपर्यंत दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवाव्या लागल्या. भागाकार करायला अर्धं मिनिट लागलं असेल. त्या घाईची किंमत रात्री जागणाऱ्यांनी मोजली.

म्हणून मी मोठ्या वेगाला छोट्या वेगाने कधीच भागत नाही. कागदावर खालून वर चढतो: मोडेम, टाइमस्लॉट, ई-१, व्हीसी-१२ (एसटीएममध्ये एक ई-१ नेणारा डबा), एसटीएम, ओटीयू (एसटीएमला पोटात घेणारी ऑप्टिकल चौकट). प्रत्येक पायरीवर किती मावतात ते पूर्णांकात लिहितो. अपूर्णांक आला की समजायचं, मधली एखादी पायरी गाळली. नवशिक्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

लीज्ड लाइनवर, म्हणजे कायम भाड्याने घेतलेल्या जोडणीवर, हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. ६४ केबीपीएसमध्ये ९.६ चे किती चॅनेल? भागाकार म्हणतो साडेसहाच्या वर, म्हणून लोक सहा धरतात. एक्स.५० पद्धतीच्या मल्टिप्लेक्सिंगमध्ये (अनेक चॅनेल एका लाइनवर एकत्र करण्यात) दर ८ बिटांतले ६ च डेटाचे असतात, म्हणजे खरे ४८ केबीपीएस. चॅनेल पाचच.

ओटीयू-१ ची गंमत लोकांना त्याच्या आकड्यामुळे कळत नाही. २.६६६ जीबीपीएस हा रेषेवरचा वेग आहे, त्यात एफईसी (चुका दुरुस्त करणारे जादा बिट) आणि ओव्हरहेड (व्यवस्थापनाचे बिट) आले. आत मावतो एक एसटीएम-१६, २.४८८३२ जीबीपीएसचा, म्हणजे सोळा एसटीएम-१ आणि ३०,२४० कॉल. सरळ ५६ केबीपीएसने भागलं तर सुमारे ४७,६०० येतात, आणि असा आकडा प्रस्तावात गेला की पुढे सगळंच कोसळतं. ओटीएनमधला (ओटीयू वापरणारं ऑप्टिकल नेटवर्क) ओडीयू-० हा लहान डबा सुद्धा १.२४४१६ जीबीपीएसचा आहे. मोडेम त्यात थेट जात नाही, मधल्या पायऱ्या लागतातच.

बॉड म्हणजे बीपीएस नव्हे. बॉड म्हणजे सेकंदाला सिग्नल किती वेळा बदलतो ते, आणि एका बदलात अनेक बिट जाऊ शकतात. व्ही.२२बिस मानकाचा मोडेम ६०० बॉडवर २,४०० बीपीएस देतो, व्ही.३२बिसचा २,४०० बॉडवर १४,४००.

किलो म्हणजे इथे १,००० च. ई-१ चे २,०४८ केबीपीएस पाहून १,०२४ ने गुणाभाग करू नका, ते ३२ गुणिले ६४ आहेत.

एसटीएम-४ म्हणजे ओसी-१२. ओसी-४ नव्हे.

मोडेमने दाखवलेलं ‘कनेक्ट ११५२००’ पाहून हिशेब मांडू नका. तो बहुतेक वेळा संगणक आणि मोडेममधल्या केबलचा वेग असतो, लाइनचा नसतो.

आणि मोडेमचे कॉल पॅकेटमधून न्यायचे असतील तर ६४ सुद्धा पुरत नाहीत. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे बिट करण्याची पद्धत) २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला १६० बाइट आवाजाचे आणि ४० बाइट हेडरचे, म्हणजे आयपीच्या पातळीवरच एका दिशेला ८० केबीपीएस. इथे जागा वाचवायला जी.७२९ लावण्याचा शॉर्टकट घेऊ नका. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं कोडेक आहे, मोडेमचा सिग्नल त्यातून शाबूत निघत नाही. जी.७११ ठेवा, सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवणं) बंद करा आणि प्रत्येक कॉलला निदान ८० धरूनच लिंक मागवा.