आई-बाबांना न्यूयॉर्कला पाठवताय? निघायच्या आधी एवढं बघून घ्या

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किमी, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे १४ तास, असा हिशोब करून बसू नका. जाताना वारा समोरून असतो म्हणून डायरेक्ट फ्लाइटलाही १६ तास तरी धरा, येताना तोच वारा पाठीशी असतो, दीडदोन तास वाचतात. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली आणि वळसा पडायला लागला, त्यामुळे शेजारच्या काकू मागे कधीतरी गेल्या होत्या त्यांचं टायमिंग सोडा, स्वतःचं तिकीट बघा.

तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथली-तिथली असते हे आधी समजावून सांगा. रात्री २ ला सुटून त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोचणार असं दिसलं की बाबा म्हणणारच, अरे साडेसहा तासच की! मधले साडेनऊ तास घड्याळाच्या फरकात गेलेत (हिवाळ्यात हा फरक साडेदहा होतो). आणि १५ तारखेची रात्री २ ची फ्लाइट म्हणजे घरातून १४ लाच निघायचंय, ह्यात भले भले फसतात. पुण्याहून असाल तर संध्याकाळी ६ ला गाडी दारात हवी, एक्सप्रेसवेचा काही भरवसा नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या की तासांच्या अंतराने, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, इन्सुलिन असेल तर नक्कीच. गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत, पॉवर बँक पण तिथेच, ती चेक-इनला चालत नाही. लोणचं उलट चेक-इनमध्ये टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, आईला हे पटणार नाही पण बॅग उघडून बघाच. सीट आइलची घ्या, म्हणजे दर दोनेक तासांनी उठून फेरी मारता येते. व्हीलचेअर हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

पुढे शिकागो वगैरे जायचं असेल तर न्यूयॉर्कलाच इमिग्रेशन होतं, बॅगा स्वतः उचलून कस्टममधून नेऊन परत द्याव्या लागतात, म्हणून मध्ये ३-४ तास ठेवा, दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जर्सीवाल्यांनी विमानतळ जेएफके आहे की नेवार्क तेही तिकिटावर वाचा. आणि न्यायला जाणाऱ्याने विमान उतरलं की लगेच पार्किंगचे पैसे भरत उभं राहू नये, बाहेर यायला आरामात तास-दीड तास जातो.