पार्लरचे जुने गेम घरी मुलांसोबत खेळताय? या चुका टाळा

शाळा सुटल्यावर व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खिशातला रुपया संपवणारी पोरं आता आई-बाबा झाली आहेत. पॅक-मॅन (चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाण्याचा गेम), स्पेस इन्व्हेडर्स आपल्या मुलांनीही खेळावेत असं त्यांना मनापासून वाटतं. हौसेने गेम विकत घेतला जातो, टीव्हीला कंट्रोलर जोडला जातो आणि थोड्याच वेळात ऐकू येतं, "बाबा, बोअर आहे हे." बहुतेक वेळा गेम चांगलाच असतो, मांडामांड चुकलेली असते.

"मी वळवलं, पण तो वळलाच नाही!"

अशी तक्रार आली तर आधी टीव्हीवर संशय घ्या. आजचे टीव्ही चित्र सुधारण्याच्या खटपटीत थोडा वेळ खातात. पॅक-मॅन सेकंदाला साधारण ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. टीव्हीने सेकंदाचा दहावा भाग खाल्ला तरी चित्र सहा फ्रेम मागे पडतं आणि तेवढ्यात भूत गाठतं. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. तरीही अडखळत असेल तर ब्लूटूथऐवजी वायर लावून खेळून बघा.

मग कंट्रोलर. पॅक-मॅनच्या मशीनची दांडी चारच दिशांना जायची. आताची अंगठ्याची स्टिक तिरपीही सरकते आणि वळणं हुकतात, म्हणून शेजारची अधिक चिन्हासारखी बटणं वापरा. मुलांना एक खुबीही दाखवा : वळण यायच्या जरा आधी दिशा दाबून धरली की पॅक-मॅन कोपरा कापून जातो. भुतांना ते जमत नाही. पाठीला लागलेलं भूत दोन-तीन वळणांत मागे पडलेलं दिसलं की मुलं सरसावून बसतात.

चित्र टीव्हीभर ताणू नका. या मशीनचा पडदा उभा होता. पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

फुकटची नाणी

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. घरच्या आवृत्तीत बटण दाबलं की नवं क्रेडिट, म्हणजे नाणं टाकल्यासारखा नवा डाव, मिळतं, कितीही वेळा. मेलो तरी काय बिघडतं, असं एकदा मुलाला वाटलं की भुताची भीती संपते आणि खेळही संपतो. पार्लरमध्ये शेवटची लाईफ उरली की मागे उभी असलेली पोरंसुद्धा गप्प व्हायची, कारण पुढचा रुपया कुणाकडेच नसायचा. तेव्हा संध्याकाळी प्रत्येकाला खरीखुरी तीन नाणी द्या आणि क्रेडिट घेताना एक वाटीत टाकायला लावा. संपली की पाळी दुसऱ्याची.

धाकट्यांवर अन्याय होईल असं वाटत असेल तर त्याची सोय मूळ मशीनमध्येच होती. आतल्या छोट्या स्विचेसवरून मालक १, २, ३ किंवा ५ लाईफ ठरवू शकायचा. तुमच्या आवृत्तीत ती सेटिंग असेल तर धाकटीला पाच द्या, स्वतः तीन घ्या.

आठवणी कमी, भुतं जास्त

"आमच्या वेळी" हे पुराण मुलांना एकदाच ऐकवा. त्यापेक्षा भुतांचे स्वभाव सांगा. लाल ब्लिंकी थेट पाठलाग करतो. गुलाबी पिंकी पॅक-मॅनच्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरते, म्हणजे वाट अडवायला बघते. नारंगी क्लाइड जवळ आला की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतो. बाजूच्या बोगद्यात सगळीच भुतं मंदावतात. एवढं कळल्यावर नुसती पळापळ थांबते आणि मुलं डाव आखू लागतात. तोरू इवातानी यांनी १९८० साली हा गेम काढला तोच मुळी गेम सेंटरमध्ये बायकांनी आणि जोडप्यांनीही यावं म्हणून. घरच्यांसोबत खेळायला याहून योग्य गेम शोधून सापडणार नाही.

मुस्तफा हवाय?

आपल्याकडे 'मुस्तफा' म्हणून गाजलेला गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यासाठी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून फाइल उतरवून घेऊ नका. फोनमध्ये गेमऐवजी भलतंच काही शिरायचं. त्याच धाटणीचे 'कॅप्टन कमांडो' आणि 'नाइट्स ऑफ द राउंड' मात्र कॅपकॉमच्या २०१८ च्या बीट-एम-अप (मारामारीच्या गेमच्या) संचात रीतसर मिळतात आणि सोफ्यावर शेजारी बसून एकत्र खेळता येतात. इथे तीन नाण्यांचा नियम सैल करा, कारण हे गेम नाणी गिळण्याच्या हिशेबानेच बनवले होते. मारामारी आणि शस्त्रं भरपूर आहेत, त्यामुळे अगदी लहान मुलांना नकोत.

त्यांच्यासाठी १९८६ चा 'बबल बॉबल' घ्या. दोन छोटे ड्रॅगन, बुडबुडे आणि १०० फेऱ्या. शंभरावी फेरी एकट्याने जिंकली तरी खरा शेवट दिसत नाही. तो हवा असेल तर दोघांनी मिळून जिंकावं लागतं, म्हणून कंट्रोलर दोन घ्या.