मदतनिधीसाठी हौशी वाद्यवृंद चालवताय? या चुका टाळा

नोकरी-संसार सांभाळून गाणारी-वाजवणारी मंडळी जमतात, एखाद्या वसतिगृहासाठी किंवा कुणाच्या डायलिसिसच्या खर्चासाठी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरतो, आणि प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात निम्मे लोक निम्म्यांशी बोलत नसतात. अशा चमूंच्या तालमींना मी वर्षानुवर्षं बसतोय. दरवेळी घोळ ठरावीक जागीच होतो.

पहिली जागा म्हणजे गाण्यांची यादी. यादीत गाणं असतं, गायक असतो, पट्टी (म्हणजे मूळ ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते) नसते! एका चमूतल्या गायकाने सगळ्या तालमी काळी एक या पट्टीत केल्या. प्रयोगाच्या दिवशी घसा बसला म्हणून तो परस्पर खालच्या पट्टीत, पांढरी सातवर उतरला. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण दाबलं आणि सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पण बासरीवादकाकडे त्या पट्टीची बासरीच नव्हती. खास रजा काढून आलेला तो माणूस बासरी मांडीवर ठेवून बसून राहिला आणि त्याने वाजवायचे तुकडे कीबोर्डवर वाजले. तबलजीकडे एकच दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला. त्याचा सूर तो भर मंचावर हातोडीने उतरवायचा आणि पुढच्या गाण्यासाठी पुन्हा चढवायचा. तोवर निवेदिका बोलत राहिली आणि मागच्या रांगांमधले लोक उठायला लागले. पुढची गाणी चांगली झाली, पण ऐकायला निम्मं सभागृह उरलं होतं.

माझी सवय सांगतो. एक वही ठेवतो. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ताल, लय आणि सुरुवात कोण करणार, एवढं लिहितो. एका पट्टीतली गाणी शक्यतो लागोपाठ लावतो. शेवटच्या तालमीनंतर पट्टी बदलायची नाही. घसा बसला तर गाणं गाळायचं. गायक रुसतो, रुसू द्यावं. ट्रान्सपोजच्या बटणाने नवशिक्यांची फार खराब सवय केली आहे. एका वाद्याची सोय म्हणजे साऱ्या वाद्यवृंदाची सोय असं त्यांना वाटतं. आणि ‘मोबाइलवर ऐकून थेट मंचावर गातो’ म्हणणाऱ्याला मी गाणं देत नाही, आवाज कितीही गोड असो.

दुसरी जागा पैशांची, आणि इथली चूक मला अधिक लागते. तिकीटविक्रीचा आकडा हाती येताच उत्साहाने मंचावरून ‘एवढी मदत’ जाहीर होते. सभागृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, वाहतूक यांची बिलं नंतर येतात, आणि जाहीर केलेला आकडा भरून काढायला मोजकेच सभासद खिशात हात घालतात. त्यामुळे खर्चाचे पैसे सभासदांच्या वर्गणीतून आणि प्रायोजकांकडून आधीच उभे करावेत, म्हणजे तिकिटाचा सगळा पैसा संस्थेकडे जातो. ते जमणार नसेल तर तिकिटावरच ‘खर्च वजा जाता’ असं छापावं.

कुणाच्याही वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड दारात लावू नका, मग तो माणूस कितीही सज्जन असो. ज्या नोंदणीकृत संस्थेसाठी कार्यक्रम आहे तिच्याच खात्यात पैसे थेट जाऊ द्या. तुमचा चमू नोंदणीकृत न्यास नसेल आणि स्वतः मदत गोळा करणार असेल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून घेतात ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ४१ क ची परवानगी लागते. ‘तिकिटावर ८०जी (देणगीवरची प्राप्तिकर सवलत) मिळेल’ असं सांगत सुटू नका. तिकीट म्हणजे देणगी नव्हे. खरी देणगीसुद्धा रोखीने २,००० रुपयांच्या वर दिली तर तिच्यावर सवलत मिळत नाही.

‘आपण धर्मादाय कामासाठी गातोय, आपल्याला गाण्यांचा परवाना कशाला?’ हे वाक्य प्रत्येक चमूत कुणीतरी म्हणतंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींना सूट आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगाला. तिकीट लावून रुग्णांसाठी पैसे जमवणं त्यात बसत नाही. गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे, वेळेत अर्ज करा. आणि वादक जमले नाहीत म्हणून मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल, तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. मला विचाराल तर वादक नसलेलं गाणं घेऊच नये. लोक तुमचं वाजवणं ऐकायला तिकीट काढतात.

उरलेलं थोडक्यात. फुकट पास मोजून द्या. पुढच्या रांगा पासवाल्यांनी भरल्या की तिकीट काढणारा दुखावतो. साउंडवाल्याला वाद्यांची यादी आदल्या दिवशी द्या आणि ध्वनिचाचणी पूर्ण चमूनिशी करा, एकट्या गायकाची नको. उघड्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद असतो. सवलतीचे दिवस सरकार ठरवतं, आयोजक नाही. सत्कार मध्यंतरातच उरका, नारळ-शाल दोघांनाच, भाषण एकाचंच. आणि हिशेबाचा कागद बिलांच्या प्रतींसह आठवड्याच्या आत प्रत्येक वादकाला पाठवा, ढोलकवाल्यालाही.