इंटर्नशिपला वेळेवर कसं पोहोचावं, आणि पोहोचल्यावर काय करावं

माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून सव्वानऊला कुर्ल्याला उतरले. ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, वेळ दहाची. वेळ हाताशी आहे म्हणून स्टेशनबाहेर निवांत चहा घेतला. मग शेअर रिक्षाची रांग लागली. पुढे गेटवर बॅग तपासणी, आधार कार्ड दाखवून पास, आणि लिफ्टपाशी आणखी एक रांग. वर पोहोचले तेव्हा दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या आणि ही मुलगी कोणाकडे आली आहे, हे रिसेप्शनवर कोणालाच ठाऊक नव्हतं. अकरापर्यंत मी सोफ्यावर बसून होते.

तेव्हापासून नव्या मुलांना सांगते, हिशेब घरापासून नको, खुर्चीपासून उलटा मांडा.

१. उलटा हिशेब

दहाची वेळ म्हणजे ९.५० ला खुर्चीत. गेट आणि लिफ्ट १५ मिनिटं, कुर्ल्याहून रिक्षा रांगेसकट ३५, लोकल ४५, घर ते फलाट २०. झाले ११५. एखादी गाडी गर्दीमुळे सोडावी लागेल म्हणून आणखी १० धरा. म्हणजे पावणेआठला घराबाहेर. मोबाइलवरचा नकाशा याहून कमी वेळ दाखवेल, कारण त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही.

२. रंगीत तालीम

रुजू होण्याआधी एकदा जाऊन या, पण रविवारी नको. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि रिक्षाला रांगच नसते, त्यामुळे अंदाज साफ चुकतो. नेहमीच्या वारी, त्याच वेळी, गेटपर्यंत जा. आत कुठून सोडतात, कुठलं ओळखपत्र लागतं, लिफ्टला गर्दी कधी होते, हे वॉचमनकाकांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

३. पावसाळ्याची सोय

जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला-सायन पट्ट्यात रुळांवर पाणी साचतं. दुसरी वाट आधीच ठरवून ठेवा. गाडी घाटकोपरपर्यंत येत असेल तर तिथे उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून मेट्रो ३ ने थेट बीकेसी. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. वळसा पडतो, पैसेही जास्त जातात, म्हणून रोज नको. बॅगेत कोरड्या मोज्यांचा एक जोड मात्र असू द्या.

४. उशीर होणारच असेल तर

दहा वाजायच्या आत कळवा. ‘रस्त्यात आहे’ हा निरोप नव्हे. अंघोळीला निघालेला माणूसही तेच लिहितो. असं लिहा:

‘नमस्कार मॅडम, ठाण्याच्या पुढे गाडी थांबली आहे. १०.३० पर्यंत पोहोचेन. कालची शीट रात्रीच मेल केली आहे.’

वेळ थोडी वाढवूनच सांगा. साडेदहा सांगून दहा वीसला पोहोचलेलं चालतं, उलटं झालं की दोनदा उशीर होतो. पोहोचल्यावर एकदा ‘सॉरी’ म्हणा आणि कामाला लागा. लोकलची कहाणी ऐकवू नका, समोरचाही त्याच लोकलने आलेला असतो.

५. आत गेल्यावर

फार लवकर जाण्यातही अर्थ नाही. नऊला गेलात तर एसी बंद, दिवे बंद, आणि कुणीतरी तुमच्यासाठी कुलूप काढायचं.

काम सांगत असताना वहीत लिहून घ्या आणि शेवटी परत म्हणून दाखवा: ‘म्हणजे मार्चपर्यंतची बिलं, तारखेप्रमाणे, उद्या चारपर्यंत, बरोबर?’ एवढ्या एका वाक्याने निम्म्या चुका टळतात. मग पूर्ण काम उरकायच्या आधी पहिल्या दहा ओळी दाखवून घ्या. दोनशे बिलं उलट्या क्रमाने लावून झाल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. शंका मनात आली की लगेच उठून जाऊ नका. तीन-चार साठवा आणि एकदम विचारा. काम अडलंच असेल तर मात्र थांबू नका.

संध्याकाळी दिसावं म्हणून आठपर्यंत बसणं मला तरी पटत नाही. निघताना काय झालं, काय राहिलं, एवढं सांगून निघा.

इंटर्नशिप कॉलेजच्या ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंगसाठी) असेल तर तासांच्या नोंदीवर दर शुक्रवारी सही घेत चला. शेवटच्या दिवशी सर हमखास रजेवर असतात.