घरचा माळ माळच ठेवायचा असेल तर काय करायचं

सुपे, बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात ज्यांच्या नावावर थोडाफार माळ आहे त्यांच्यासाठी लिहितोय. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, असतं म्हणून आपणही त्याला पडीक म्हणतो, पण लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांचं घर तेच आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किमी, चिंकारा काय तेवढ्यात थांबतंय का, ते आपल्याच रानात येणार.

पहिलं म्हणजे झाडं लावू नका. लोक चिडतात हे ऐकून, पण गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरीची दाट लागवड केली की सावलीत पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं टिकत नाहीत आणि जमिनीवर अंडी घालणारे धाविक, चंडोल निघून जातात. आधीच्या बोरी, हिवर असू द्या. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढा, नुसती तोडली तर बुडातून परत फुटते. जेसीबीने चर मारून देतो म्हणून कुणी आलं तर सरळ नाही म्हणा, आणि उन्हाळ्यात माळ पेटवू नका.

मग धनगर. दिवाळीच्या आसपास मेंढरं कोकणाकडे निघतात, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात, त्यांची वाट आपल्या माळावरून जात असेल तर ती अडवू नका, पिढ्यानपिढ्याची वाट आहे ती! गवत बी धरेपर्यंत अर्धा माळ राखायचा, अर्धा चारू द्यायचा, पुढच्या वर्षी उलट. लांडग्याने कोकरू नेलं तर लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यायला मदत करा, भरपाई मिळते, नाहीतर राग बिळावर निघतो.

जाळीचं कंपाउंड नको. बिनकठड्याची विहीर असेल तर आधी कठडा बांधा, रात्री खोकडं पडतात.

आता कागद. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने कलम 36-सी आलं, त्यात मालक स्वतःहून तयार असेल तर खासगी जमीनही सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. मालकी आपलीच राहते, पण अधिसूचना निघाली की त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, म्हणजे उद्या पोरांना एनए (बिगरशेती) करायचं म्हटलं तरी सहजासहजी जमणार नाही. म्हणून वन विभागाकडे जायच्या आधी सातबाऱ्यावरची सगळी नावं, बहिणींसकट, एकत्र बसवा. आमच्यात त्यालाच दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात शेजारच्या माळावर प्लॉटिंग पडलं.